वापसा

आत्ता या क्षणी छातीत दुखत असेल, छातीवर कुणी दाब देतंय असं वाटत असेल, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात उतरत असेल, दरदरून घाम फुटला असेल, तर हे वाचू नका. १०८ ला फोन लावा आणि घरातल्या माणसाला मोठ्याने हाक मारा.

हे मनन त्यानंतरच्या दिवसांसाठी आहे. ज्यांच्या हृदयाच्या एका भागाचं रक्त काही काळ बंद पडलं, पुन्हा सुरू झालं, आणि जे आता घरी येऊन खाटेवर, खुर्चीवर, ओट्यावर बसलेत, त्यांच्यासाठी. त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या श्वासाकडे चोरून बघणाऱ्या घरच्यांसाठीही. आणि ज्याला यातलं काहीच झालेलं नाही पण छातीत एक हृदय आहे, अशा कुणासाठीही.

पाठीला टेकू घ्या. पाय जमिनीला लागू द्या. कंबरेचा पट्टा, साडीची गाठ जरा सैल करा. डोळे मिटले तरी चालेल, उघडे असले तरी चालेल. घाई करायची नाही, एवढंच.

आपण कोरेगाव भीमाला नदीच्या काठावर बसलो आहोत, असं समजू. तुळापूरला इंद्रायणीला सोबत घेऊन भीमा इथवर आलेली आहे. पलीकडच्या काठावर पेरणे, तिथे जयस्तंभ. मागे पुणे-अहिल्यानगर रस्ता, त्यावर ट्रेलर, सणसवाडीच्या आणि रांजणगावच्या कंपन्यांच्या बस, उसाची वाहनं. रस्त्याचा आवाज येऊ द्या. तो थांबण्याची वाट बघू नका. अशाच गावात आणि अशाच आवाजात आपल्याला बरं व्हायचं आहे.

एक : विसावा

उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. नाडी लागेल. मोजू नका. फक्त येते आणि जाते, हे जाणवू द्या.

आता दोन ठोक्यांच्या मधल्या जागेकडे लक्ष न्या.

हृदय जन्मभर अखंड राबतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा हिशेब एकदा नीट मांडून बघू. मिनिटाला ७५ ठोके धरले, तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. त्यातले सुमारे ०.३ सेकंद हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावतात, आणि उरलेले सुमारे ०.५ सेकंद ते सैल असतात. म्हणजे चोवीस तासांतले पंधराएक तास तो स्नायू सैल पडलेला असतो. हा विसावा त्याला रात्रीसाठी राखून ठेवावा लागत नाही, प्रत्येक ठोक्यात तो थोडा थोडा मिळत राहतो.

आणि याच विसाव्यात त्याचं स्वतःचं पोट भरतं. हृदयाचा डावा भाग आकुंचन पावतो तेव्हा आपल्या स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्याही दाबून टाकतो. त्या वेळी तो साऱ्या शरीराला रक्त पाठवतो, स्वतःला मात्र फारसं मिळत नाही. स्नायू सैल झाला की मग त्याच्या वाट्याचं बहुतेक रक्त आत शिरतं. नाडी फार जलद झाली, तर आकुंचनाच्या वेळेपेक्षा या सैल वेळेतच जास्त कपात होते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके सावकाश ठेवणारी गोळी अनेकांना दिली जाते, त्याचं एक कारण हे आहे.

सैल पडणं फुकट होत नाही, हेही ध्यानात घ्या. आकुंचनासाठी पेशीत सुटलेलं कॅल्शियम पुन्हा उचलून कोठारात भरावं लागतं, तेव्हाच स्नायूचे धागे एकमेकांना सोडतात. त्या उचलण्याला ऊर्जा लागते. हृदयाच्या लेखी विसावा हेही एक कामच आहे, आणि रक्त कमी पडलं की या कामातही अडथळा येतो.

बोटाखालची नाडी पुन्हा जाणवू द्या. ठोका. मग मधली जागा. आपण बरेचदा ठोक्यालाच आयुष्य समजतो. थोडा वेळ त्या मधल्या जागेत राहून बघा.

दोन : काम थांबवणं

आता त्या दिवसाकडे जाऊ. सावकाश जाऊ. मनाला नको वाटलं, तर नाडीवर परत या आणि जमेल तेव्हाच पुढे चला.

हृदयाला रक्त देणाऱ्या एका रोहिणीत गुठळी अडकली. काही सेकंदांत तिथल्या पेशींमधला प्राणवायू संपला. एका मिनिटाच्या आत त्या भागाने आकुंचन पावणं जवळजवळ बंद केलं. टेनंट आणि विगर्स या दोन संशोधकांनी १९३५ मध्ये प्राण्यांच्या हृदयावर हे टिपलं. बाकीचं हृदय आत ओढलं जात होतं, त्या वेळी रक्त तुटलेला तेवढा भाग उलट बाहेर फुगत होता.

ज्याच्या बाबतीत हे घडतं त्याला वाटतं, माझं हृदय बंद पडलं, हरलं. इथे जरा थांबून पेशीच्या बाजूने पाहू.

हृदयाची पेशी ज्या ऊर्जेवर चालते तिचं नाव एटीपी. हृदय दिवसभरात काही किलो एटीपी बनवतं आणि वापरतं, पण साठा मात्र अगदी थोडा असतो, जेमतेम काही ठोक्यांपुरता. बनवलं की वापरलं, अशी त्याची रीत. त्यातली बरीचशी ऊर्जा आकुंचनावर खर्च होते. उरलेल्या ऊर्जेवर पेशीचं आवरण सांभाळायचं असतं, आतलं मीठ-पाणी जागच्या जागी ठेवायचं असतं. रक्त तुटल्यावरही पेशी पूर्वीसारखी आकुंचन पावत राहिली असती, तर तिची शिल्लक पाहता पाहता संपली असती आणि ती मेली असती. आकुंचन थांबल्यामुळे ती शिल्लक काही वेळ पुरली. जगण्यासाठी जे अत्यावश्यक, तेवढंच चालू राहिलं.

म्हणजे त्या मिनिटाला स्नायूने काम सोडलं आणि जीव धरून ठेवला. त्या थांबण्यामुळेच पुढच्या उपचाराला काही वाचवायला उरलं.

हे मनात हळूहळू उतरू द्या. काम थांबलं होतं. जीव होता.

आपल्या आयुष्यातही अशी माणसं असतात. मोठा घाव बसल्यावर ती बोलेनाशी होतात, शेताकडे जाईनाशी होतात, दुकान उघडेनाशी होतात. आपण त्यांना चटकन म्हणतो, खचला, संपला. तशा कुणाची आठवण आली असेल, तर त्या माणसाला मनातल्या मनात थोडी जागा द्या.

तीन : रक्त आलं, तरी

आता दवाखाना. कुणाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं. कुणाची अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. पडद्यावर बंद नळी उघडलेली दिसली. बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांना कुणीतरी येऊन सांगितलं, ब्लॉकेज निघालं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी टू-डी इको झाला, आणि डॉक्टर म्हणाले, पंपिंग कमी आहे.

हा क्षण फार लोकांना आतून मोडतो. नळी उघडली ना? रक्त येतंय ना? मग पंपिंग कमी का?

हाच प्रश्न हाइंड्रिक्स आणि व्हॅटनर यांच्या गटाने प्रयोगशाळेत पाहिला. त्यांचा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्याच्या हृदयाची एक रोहिणी त्यांनी पाच मिनिटं बंद केली आणि सोडली. ईसीजी लवकरच पूर्ववत झाला. पण त्या भागाचं आकुंचन तीन तासांहून अधिक काळ कमीच राहिलं. पंधरा मिनिटं बंद केल्यावर ते सहा तासांहून अधिक काळ कमी राहिलं. एवढ्या वेळात स्नायू मरत नाही. तो जिवंत होता, त्याला रक्त मिळत होतं, आणि तरीही तो काम करत नव्हता. १९८२ मध्ये ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी या अवस्थेवर सविस्तर लिहिलं आणि तेव्हापासून डॉक्टर अशा स्नायूला ‘स्टन्ड’ म्हणतात. आपण सुन्न झालेला स्नायू म्हणू.

त्याच्या आत काय चाललेलं असतं?

रक्त परत येतं तो क्षणही पेशीला सोसवा लागतो. प्राणवायू एकदम आल्याने त्याची काही विघातक रूपं तयार होतात आणि ती पेशीतल्या प्रथिनांना इजा करतात. कॅल्शियम एकाएकी जास्त प्रमाणात आत शिरतं. पुढे कॅल्शियमचा निरोप वेळच्या वेळी येत राहतो, पण आकुंचन घडवणारे धागे त्या निरोपाला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत. बिघडलेली प्रथिनं काढून नवी घडवावी लागतात, आणि ते काम तासांत उरकत नाही, त्याला दिवस लागतात. एटीपी ज्या घटकांपासून बनतं, त्यांचा साठा भरायलाही काही दिवस जातात. सगळी दुरुस्ती चालू हृदयात करायची असते. एकही दिवस बंद ठेवून ती करता येत नाही.

थोड्या वेळाच्या अडथळ्यानंतर हा सुन्नपणा तासांत किंवा दिवसांत उतरतो. मोठा झटका येऊन गेला असेल, तर काही आठवडे लागतात.

या मननात सांगण्यासारखी एकच गोष्ट असेल, तर ती ही : रक्त परत येणं आणि काम परत येणं, या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक काळ असतो. तो काळ उपचार फसल्याची खूण नव्हे. तो बरं होण्याचाच भाग आहे.

श्वास सोडा. छातीवर हात ठेवा. त्या भागाला आज काहीही सिद्ध करायचं नाही.

चार : आकडा

फाईल समोर असेल तर बाजूला ठेवा, पण तिच्यातला आकडा तुम्हाला पाठ असेल. ईएफ ३५ टक्के. कुणाचा ४०, कुणाचा ३०.

कोरेगावात काय, पुण्यात काय, हा आकडा ऐकल्यावर घरात एकच वाक्य फिरतं : हृदय पस्तीस टक्केच उरलंय. पाहायला येणारा पाहुणा ते ऐकतो आणि दारातून बाहेर पडताना सुस्कारा टाकतो. पेशंटला तो ऐकू जातो.

हा आकडा शंभरातून मिळालेले गुण नाहीत. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर जातं, तेवढंच तो सांगतो. निरोगी माणसातही साधारण ५५ ते ७० टक्केच जातं. शंभर टक्के रक्त कुणाचंच हृदय बाहेर टाकत नाही, पैलवानाचंही नाही. तेव्हा ३५ कमी आहे, काळजी घेण्याइतका कमी आहे, पण त्याचा अर्थ ६५ टक्के हृदय मेलं असा होत नाही.

शिवाय झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांतल्या या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. काही स्नायू मेलेला असतो. काही नुसता सुन्न असतो. दोन्ही भाग इकोच्या पडद्यावर सारखेच दिसतात, कारण दोन्ही हलत नाहीत. पडद्याकडे बघून त्या दिवशी त्यांना वेगळं करणं अवघड असतं. काळ त्यांना वेगळं करतो.

म्हणून डॉक्टरही थांबतात. ज्यांचं पंपिंग फार कमी आहे, त्यांना पुढे धोक्याचे ठोके रोखणारं यंत्र छातीत बसवायचं का, हा मोठा निर्णय असतो. तो साधारणपणे झटक्यानंतर किमान ४० दिवस, आणि नळी उघडली असेल किंवा बायपास झाली असेल तर सुमारे ९० दिवस जाऊ देऊन, पुन्हा इको करून घेतला जातो. एवढ्या अवधीत अनेकांचा आकडा वर आलेला असतो. ज्यांचा येत नाही, त्यांच्यासाठी औषधं आणि यंत्रं आहेतच.

ज्या आकड्यावर तज्ज्ञ माणूस अंतिम निर्णय देत नाही, त्यावर आपणही आजच द्यायला नको. मनात तो आकडा आला की त्याच्यापुढे आणखी एक शब्द जोडा : सध्या. सध्या ३५.

पाच : गप्प बसून राहिलेला स्नायू

सुन्न स्नायूचा एक भाऊ आहे. त्याच्याकडेही बघून घेऊ.

काहींची नळी एका दिवसात बंद होत नाही. वर्षानुवर्षं ती अरुंद होत जाते. तिच्यापुढचा स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात भागवायला शिकतो. तो आपलं काम कमी करतो, खर्च उत्पन्नाएवढा खाली आणतो आणि जिवंत राहतो. मुंबईत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले हृदयरोगतज्ज्ञ शाहबुद्दीन रहिमतुला यांनी १९८० च्या दशकात या अवस्थेकडे जगाचं लक्ष वेधलं. बायपासनंतर काही रुग्णांचे निकामी समजले गेलेले भाग पुन्हा हलू लागतात, हे त्यांनी ठामपणे मांडलं. त्याआधी हलत नाही तो भाग मेलेलाच, असं सर्रास धरलं जाई.

अशा स्नायूत जीव आहे का, हे पाहायला एक चाचणी करतात. शिरेतून डोब्युटामिन नावाचं औषध अगदी कमी मात्रेत देतात आणि इकोवर बघतात. जो भाग पडून होता, तो त्या औषधाने थोडा हलतो. मेलेला भाग हलत नाही. आत क्षमता शिल्लक आहे हे त्या हलण्याने कळतं. पण म्हणून औषध देऊन देऊन त्याच्याकडून रोज काम करून घेत नाहीत. चाचणी संपली की औषध बंद होतं. मग त्याला रक्त कसं पोचवता येईल, याचा विचार सुरू होतो.

घरात कुणी असं गप्प बसून असेल, तर त्याच्यात जीव आहे का हे जाणून घ्यायला फार जोर लावावा लागत नाही. एक हलकी हाक पुरते. त्यानंतरचा प्रश्न आपल्यासाठी असतो : याच्यापर्यंत काय पोचत नाहीये?

सहा : वेळ

आतापर्यंत आपण सबुरीबद्दल बोललो. आता घाईबद्दल बोलायला हवं, कारण ही सबुरी त्या घाईशिवाय मिळत नाही.

रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की रक्त तुटलेला स्नायू एकदम मरत नाही. मरण हृदयाच्या आतल्या थरापासून सुरू होतं आणि बाहेरच्या थराकडे सरकतं. प्राण्यांमध्ये चाळीस मिनिटांनी नळी उघडली तर बाहेरचा बराच स्नायू वाचत होता. तीन तासांनी त्याहून कमी, सहा तासांनी फारच थोडा. माणसात हा वेग कमी-जास्त होतो, पण दिशा तीच. सुन्न स्नायू आणि मेलेला स्नायू यांच्यातली सीमा घड्याळाने आखलेली असते.

कोरेगाव भीमाहून पुणे तीसेक किलोमीटर. लोणीकंद, वाघोली, खराडी, येरवडा. हे अंतर सांगताना इथलं कुणीही किलोमीटर सांगत नाही, वाहतूक सांगतं. कंपन्यांची पाळी सुटण्याच्या वेळी वाघोलीत किती वेळ जाईल, हे रोज जाणाऱ्यालाही सांगता येत नाही. दर १ जानेवारीला जयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो लोक येतात. त्या दिवशी रस्ता वळवलेला असतो, रुग्णवाहिका आणि आरोग्य पथकं आधीपासून जागोजाग उभी असतात. उरलेल्या दिवसांची तयारी मात्र आपली आपल्याला करावी लागते.

रस्त्यापेक्षाही जास्त वेळ घरात जातो. गॅस झाला असेल. पित्त असेल. रात्री वांगं खाल्लं ना. सोडा पी, ओवा खा, सकाळी बघू. बाईमाणूस असेल तर ती स्वतःच म्हणते, एवढं आवरते मग पडते जरा. मधुमेह असलेल्याला तर कधी कळ येतच नाही, नुसती धाप लागते, गळून गेल्यासारखं होतं.

कुणाला दोष देण्यासाठी हे आठवायचं नाही. ज्यांच्या घरात उशीर झाला, त्यांनी या जागी स्वतःला शिक्षा करू नये. माणसं प्रेमापोटीच म्हणतात की काही नसेल. पण पुढच्या वेळेसाठी, शेजारच्या घरासाठी, तीन गोष्टी मनात पक्क्या बसू द्या. ईसीजी हा पहिला टप्पा आहे आणि तो जवळपास होतो, त्यासाठी थेट पुणं गाठायची वाट बघायची नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन योग्य रुग्णाला वाटेतल्या दवाखान्यातही देता येतं आणि पुढच्या प्रवासाला वेळ मिळवून देतं. आणि १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे, तिला पैसे पडत नाहीत. खर्चाच्या भीतीनेही पाय अडखळतात. अँजिओप्लास्टीसारखे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात. योजनेतली रुग्णालयं कोणती, हे बरं असतानाच विचारून ठेवावं.

दोन श्वास घ्या. पहिल्या तासात धावायचं, नंतरच्या महिन्यांत थांबायचं. या दोन्हींची जागा बदलली की नुकसान होतं.

सात : जे परत येत नाही

खोटा दिलासा देऊन हे मनन पुरं होणार नाही.

मेलेला स्नायू परत येत नाही. त्याच्या जागी सहा-आठ आठवड्यांत घट्ट व्रण तयार होतो. तो भिंत धरून ठेवतो, पण आकुंचन पावत नाही. हृदयाच्या पेशी नव्याने तयार होतात का, हा प्रश्न फार जुना. अणुचाचण्यांमुळे वातावरणात पसरलेल्या कार्बन-१४ चा माग काढत स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये त्याचं उत्तर शोधलं. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी. गेलेला भाग पुन्हा भरून काढायला हे फार अपुरं आहे.

कधी मोठी नळी उघडते, पण तिच्यापुढच्या केसासारख्या बारीक वाहिन्यांत रक्त नीट पोचतच नाही. तेव्हा उपचार वेळेवर होऊनही स्नायू हवा तितका वाचत नाही. यात कुणाची चूक असेलच असं नाही.

मग जे गेलं त्याकडे कसं बघायचं?

उरलेला स्नायू तो भार उचलतो. काही काळ हे चांगलं असतं. फार झालं तर हृदय हळूहळू पसरू लागतं, भिंती ताणल्या जातात. रोजच्या गोळ्यांपैकी काही नेमकं हे पसरणं रोखण्यासाठी असतात. बरं वाटायला लागल्यावर बंद करण्यासाठी त्या नाहीत. त्या घेतल्यामुळेच बरं वाटत असतं. स्टेंटनंतर रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवायच्या नाहीत. उपास असो, गावची जत्रा असो, दात काढायचा असो.

छातीवरचा हात तिथेच असू द्या. या हाताखाली थोडा भाग कायमचा शांत झाला आहे, आणि बाकीचा भाग त्याला सोबत घेऊन चालला आहे. दोन्ही खरं आहे. दोन्हींना एकाच वेळी मनात राहू द्या.

आठ : वापसा

या भागातल्या शेतकऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. चासकमान धरणाच्या कालव्याला आवर्तन सुटतं, किंवा नदीवरची मोटर चालू होते, आणि भेगाळलेल्या रानाला पाणी मिळतं. पाणी मिळालं म्हणून त्याच संध्याकाळी तो रानात औत घालत नाही. काळ्या मातीत पाय रुततो, नांगर फिरवला तर ढेकळं निघतात, रान घट्ट होतं आणि तो हंगाम हातचा जातो. तो बांधावरून बघतो. मूठभर माती उचलून दाबतो. चिखलासारखी चिकटली तर परत फिरतो. दाबल्यावर गोळा झाली आणि बोट लावताच विस्कटली, की म्हणतो, वापसा आला. मग मात्र उशीर करत नाही, कारण वापसा निघून गेला तर जमीन पुन्हा टणक होते.

हृदयातही पाणी सुटलेलं आहे आणि वापसा अजून यायचा आहे.

वाट बघायची म्हणजे निपचित पडून राहायचं, असा अर्थ मात्र घेऊ नका. ती चूक वैद्यकाने एकदा करून पाहिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटका आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे पलंगावरून हलू देत नसत. पाय सुजत, पायात गुठळ्या होत, मन खचून जाई. १९५० च्या सुमारास बॉस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केली. लोक घाबरले, पण रुग्ण सुधारले. आज बहुतेकांना थोड्याच दिवसांत घरातल्या घरात चालायला सांगतात. मग अंगणात, मग सपाट रस्त्यावर, आठवड्यागणिक थोडं जास्त. किती आणि कधी, हे तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या हृदयाकडे बघून ठरवायचं.

तेव्हा रोज सकाळी मूठभर माती दाबून बघा. चालताना बोलता येतंय का? थांबल्यावर धाप लवकर बसते का? रात्री उशी उंच करावी लागते का? पायावर सूज दिसते का? वजन दोन-तीन दिवसांत एकदम वाढलं का? ही तुमची माती. ती चिकटली, तर डॉक्टरांना कळवायचं आणि त्या दिवशी परत फिरायचं. सुटली, तर चार पावलं पुढे.

आणि घरच्यांसाठी : कुणी पेशंटला ‘आता झालं की सगळं, लागा कामाला’ म्हणू नये. कुणी ‘तुम्ही काही करायचं नाही, तुम्ही पेशंट’ असंही म्हणू नये. पहिल्या वाक्यात ओल्या रानात औत घातलं जातं. दुसऱ्यात वापसा निघून जातो. झटक्यानंतर उदासी येणं फार जणांत आढळतं आणि तिच्यावरही उपचार आहेत. तो हळवा झालाय, म्हणून सोडून देऊ नका.

नऊ : उठताना

डोळे मिटलेले असतील तर सावकाश उघडा. बोटं मनगटावरून काढा. एकदम उभे राहू नका, गोळ्यांमुळे रक्तदाब कमी असतो, चक्कर येते. आधी काठाशी बसा, मग उठा.

उठल्यावर करायच्या गोष्टी साध्या आहेत. पुढच्या इकोची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि ती येईपर्यंत जुना आकडा पाहुण्यांना सांगणं बंद करा. आजच्या गोळ्या झाल्या का, बघा. तंबाखूची पुडी घरात असेल तर ती आजच बाहेर जाऊ द्या. घरातल्या सगळ्यात लहान मुलालाही १०८ हा आकडा आणि आपला पत्ता मोठ्याने म्हणून दाखवायला लावा.

आणि आज जेवढं चालायला सांगितलं आहे, तेवढं चाला. त्याहून जास्त नको, कमीही नको. जो स्नायू त्या दिवशी काम थांबवून जगला, तो आता काम शिकत जगणार आहे. त्याला लागेल तेवढा वेळ देण्याची ताकद तुमच्यात आहे, तुमच्या घरातही आहे. तो वेळ त्याच्या हक्काचा आहे.